पदवीच्या वर्षांतच संशोधन? नॉरफोकहून उत्तर

तू विचारलंस, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या ओल्ड डोमिनियन युनिव्हर्सिटीत बीएसला आलीस तर हवामानबदलाची झळ स्थानिक वस्त्यांना कशी बसते, यावर पदवीच्या वर्षांतच काम करता येईल का. येईल. पण ज्या 'आरईयू' (पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या) समर प्रोग्रामच्या भरवशावर आहेस, त्याचा नाद सोड. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या त्या पैशांतून स्टायपेंड मिळतो तो नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आपण त्यात बसत नाही. त्यापेक्षा थेट प्राध्यापकांना मेल कर. लॅबमधलं ऑन-कॅम्पस काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. कॅम्पसबाहेर काम धरण्याआधी मात्र इंटरनॅशनल ऑफिसला विचार, बिनपगारी असलं तरी.

गाव मात्र अचूक निवडलंयस. नॉरफोकच्याच सेवेल्स पॉइंटला १९२७पासून भरतीची नोंद आहे. तिथे समुद्र वर्षाला साडेचार मिलिमीटरहून जास्त चढतोय, कारण पाणी वाढतंय आणि भूजल उपसून जमीनही खचतेय. उधाणाला लख्ख ऊन पडलेलं असतं आणि शहरातल्या हेग नावाच्या भागात गटाराच्या जाळीतून खारं पाणी उलटं वर येतं. तू अलिबागच्या खारेपाटातली, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरणं तुला मी काय समजावणार! एसओपीत (प्रवेशअर्जासोबतच्या निबंधात) तेच लिही. 'लहानपणापासून निसर्गाची आवड' वगैरे नको.

इथे २०१७पासून शरदातल्या उधाणाला 'कॅच द किंग' ही पाणी कुठवर येतं ते टिपायची मोहीम चालते. स्वयंसेवक फोन घेऊन पाण्याच्या कडेकडेने चालतात आणि जीपीएसवर खुणा टाकत जातात. आल्या वर्षीच जा, गमबूट घालून.

सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेचा सोशल व्हल्नरेबिलिटी इंडेक्स (संकटात कुठली वस्ती जास्त कोलमडेल याचा निर्देशांक) फुकट मिळतो, त्यावरून नकाशा दुपारभरात होतो, आणि बरीच मुलं तिथेच थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. हेगमध्ये पाणी भरलं तरी बऱ्याच जणांकडे विमा असतो, सुट्टी टाकायची सोय असते. टाइडवॉटर गार्डन्स ही कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी वसाहत (आता पाडली) मात्र बुजवलेल्या खाडीवर उभी होती. अशा ठिकाणी एकुलती गाडी बुडाली की कामावर जायचं कसं, इथून सुरुवात. हे माणसांशी बोलल्याशिवाय हाती लागत नाही, आणि मुलाखती घ्यायच्या तर आधी आयआरबीची, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या संशोधन-नैतिकता समितीची, मंजुरी लागते. त्यात आठवडे जातात, तेव्हा अर्ज सत्र सुरू होताच टाक.

आणि कॅम्पसशेजारी लार्चमाँटमध्ये स्वस्त खोली दिसली, तर भरतीला ती गल्ली तुंबते का हे घरमालकाला नाही, शेजाऱ्याला विचार.