ओझरहून पहिल्यांदाच उडताय?

ताई, नाशिकजवळच्या ओझरचं विमानतळ छोटं आहे, ही जमेची बाजू. मुंबईसारखी धावाधाव नाही. तरी नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी धरून लवकर निघा, उशिराची धाकधूक वेगळी नको. सीट पंखाजवळची घ्या, तिथे हादरे कमी जाणवतात. उडाल्यावर खालून धडधड ऐकू आली, तर चाकं आत गेली समजा. मग थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज उतरतो आणि पोटात एकदम खड्डा पडतो. सगळे घाबरतात ते इथेच! विमान खाली जात नसतं, वैमानिकाने फक्त जोर कमी केलेला असतो. ढगांत हलेलच, कसारा घाटात एसटी काय कमी हलते? पट्टा घट्ट ठेवा, श्वास सावकाश सोडा. कॉफी मात्र नकोच, छाती आणखी धडधडते. आणि बसतानाच केबिन क्रूला सांगून टाका, भीती वाटते म्हणून. लाजायचं काय त्यात, त्यांना हे रोजचंच आहे.