पावसानंतर हंपी आणि बदामीचा खडक चढण्याजोगा झाला आहे हे कसे ओळखावे

डिसेंबरअखेरीस आधी हंपी आणि मग बदामी असा तुमचा बेत आहे, आणि मध्येच पाऊस आला तर बोल्डरिंगसाठी, म्हणजे मोठ्या दगडांवर दोराशिवाय चढण्यासाठी, किती तास थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. दोन्ही ठिकाणांना लागू पडेल असा एकच आकडा देता येणार नाही, कारण हंपीचा खडक ग्रॅनाइट आहे, तर बदामीचा वालुकाश्म.

ग्रॅनाइटमध्ये पाणी फारसे मुरत नाही. सरीनंतर ऊन आणि वारा मिळाला, तर उघड्यावरचा दगड काही तासांतच वाळतो. भेगांतून आणि माथ्यावरच्या खळग्यांतून झिरपणारे पाणी तेवढे मागे राहते. वालुकाश्मात मात्र पाणी कणांमधल्या पोकळीत शिरते आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे बंधन दुबळे करते. बदामीचा दगड वालुकाश्मांमध्ये चांगला टणक मानावा लागेल, तरीही ओल असताना तिथल्या पातळ कपच्या अंगाच्या भाराने तुटू शकतात, आणि तुटलेली पकड पुन्हा कोणालाच मिळत नाही. वरचा पापुद्रा लवकर वाळत असल्यामुळे केवळ स्पर्शावर विश्वास ठेवू नका. खडकाच्या पायथ्याची माती बोटभर उकरून पाहा; ती आत दमट लागली, तर खडकही आतून ओला आहे असे समजून थांबा. जोरदार पावसानंतर उन्हात एक-दोन दिवस आणि सावलीत त्याहून अधिक काळ लागू शकतो. चॉक (हाताचा घाम टिपणारी पांढरी पूड) चोळून किंवा आच देऊन हा काळ कमी करण्याचा प्रयत्न कृपया कोणीही करू नये.

पाऊस नसला तरी दव असते, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. हवेचे तापमान २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १६ अंशांवर येतो. खडक त्याहून थंड असला की त्यावर पाणी धरते. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड असलेला माथा सर्वांत आधी थंड होतो, त्यामुळे उभी बाजू कोरडी आणि शेवटची गोलसर पकड मात्र निसरडी, अशी स्थिती पहाटे वारंवार आढळते. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी मागच्या सोप्या वाटेने वर जाऊन माथा हाताने तपासा. पडण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो.

हंपीत दुपारी अडचण उलटी असते. तापलेल्या ग्रॅनाइटवर बोटांना घाम येतो आणि टोकदार स्फटिक कातडी लवकर सोलतात. पश्चिमेकडची भिंत सकाळी आणि पूर्वेकडची दुपारनंतर निवडा. सूर्यास्तानंतरही मोठे दगड बराच वेळ उष्णता धरून राहतात, म्हणून हवा गार झाली तरी तळवा टेकवून पाहावे.

बंगालच्या उपसागरातील प्रणालींमुळे डिसेंबरातही तिकडे पाऊस येऊ शकतो. तुमचा हंपी आधी हा क्रम योग्यच आहे, फक्त बदामीचे आरक्षण बदलता येईल असे ठेवा.