रात्री छोट्या बोटीने खाडीबाहेर गरवायला जायचंय, बोटीला कुठले लाइट लावू?

तुमची 18 फुटी फायबरची बोट, मागे 25 एचपीचं आउटबोर्ड इंजिन, रात्री जयगड खाडीतून बाहेर पडून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जायचं आणि पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, गाडीला लावतात तसला एलईडी बार लावला तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. बार लावू नका. रस्त्यावर हेडलाइट उपयोगी पडतो कारण समोर डांबर, खांब, झाडं असतात, त्यांच्यावरून उजेड परत येतो. पाण्यावर तसं काही नसतं, तो उजेड स्वतःच्याच नाळेवर आणि हवेतल्या तुषारांवर पडतो, डोळे दिपतात आणि त्यापुढचा काळोख आणखी दाट होतो. अंधाराला डोळे नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एका झोताने ते सगळं जातं. वर समोरून येणाऱ्या बोटीच्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) नुसता पांढरा भगभगाट दिसतो, तुमचे लाल-हिरवे दिवे त्यात बुडतात आणि तुमची बोट येतेय की जातेय तेच त्याला कळत नाही. रात्रीचे दिवे लावायचे ते दुसऱ्याला आपण दिसावं आणि आपलं तोंड कुठे आहे ते कळावं म्हणून.

आता काय लावायचं. टक्कर टाळण्याचे 1972 चे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ज्यांना सगळे कोलरेग म्हणतात, त्यात 12 मीटरपेक्षा लहान इंजिनच्या बोटीला सोपी सोय दिलीय: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा. सूर्यास्त ते सूर्योदय, आणि धुक्यात किंवा जोराच्या पावसात दिवसाही. कोणी तुम्हाला सांगेल की 7 मीटरच्या आतल्या बोटीला नुसता पांढरा पुरतो, पण ती सवलत ज्या बोटीचा जास्तीत जास्त वेगच 7 नॉट (ताशी सुमारे 13 किलोमीटर) आहे तिच्यासाठी आहे, 25 एचपीवर तुमची त्याच्या दुप्पट सहज पळेल, तेव्हा तिन्ही लावा.

विकत घेताना पाकिटावर किती मैलांवरून दिसतो ते लिहिलेलं असतं, लाल-हिरव्याला किमान 1 सागरी मैल (सुमारे 1.85 किलोमीटर) आणि पांढऱ्याला 2 मैल हवेत. नुसती लाल-हिरवी एलईडी पट्टी आणून चिकटवू नका, कारण खऱ्या दिव्याला कोन कापलेला असतो, नाळेच्या सरळ रेषेपासून बाजूच्या थोडं मागेपर्यंत, 112.5 अंश, त्याच्या बाहेर तो दिसताच कामा नये. पट्टी सगळीकडून दिसते आणि समोरच्याला तुमच्या बोटीचं तोंड उलट्या दिशेला वाटतं. पाणी आत न जाणारा, आयपी 67 लिहिलेला घ्या, वायर कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची घ्या, प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा आणि दिव्यांच्या लाइनला वेगळा फ्यूज टाका, कारण खाऱ्या हवेत दिवा जाण्याआधी जोड सडतो आणि ते भर समुद्रात कळतं. दिव्यांची बॅटरी इंजिन स्टार्टच्या बॅटरीपेक्षा वेगळी ठेवली तर फारच उत्तम.

पांढऱ्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. तो खांबावर उंच पाहिजे, लाल-हिरव्यापेक्षा किमान 1 मीटर वर, आणि बोटीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर, नाहीतर सुकाणूवरचा माणूसच तो मागून-पुढून झाकतो. खांब शक्यतो मागे, आणि दिव्याखाली छोटी काळी चकती बसवा म्हणजे उजेड खाली डेकवर सांडून तुमच्या डोळ्यांत येणार नाही. फिटिंग झालं की काळोख पडल्यावर एकाला बोटीत बसवून ती सावकाश गोल फिरवायला सांगा आणि तुम्ही जेटीच्या टोकाला उभे राहून बघा. बरोबर नाळ तुमच्याकडे आल्यावरच लाल-हिरवे दोन्ही एकदम दिसले पाहिजेत, बाजू वळली की एकच, पाठ वळली की दोन्ही गायब, आणि पांढरा एकदाही तुटता कामा नये. हे केल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

बोटीत उजेड लागला, गरीला आमिष लावायला वगैरे, तर लाल रंगाचा हेडलॅम्प वापरा आणि मोबाइलचा ब्राइटनेस अगदी कमी. एक चांगला टॉर्च मात्र हाताशी ठेवाच, जाळ्याचा बोया शोधायला, आणि कोणी अंगावर येतंय असं वाटलं तर त्याला दिसेल असा स्वतःच्या बोटीवर मारायला, त्याच्या डोळ्यांत नाही.

आपले दिवे लावले तरी दुसऱ्याचे वाचता आले पाहिजेत. लाल, हिरवा आणि वर पांढरा असं तिन्ही एकदम दिसलं की तो सरळ तुमच्यावर येतोय, दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. उजव्या हाताला कोणाचा लाल दिसला आणि तो तुमच्यापुढून आडवा जातोय तर वाट तुम्ही द्यायची. लाल, त्याखाली पांढरा, म्हणजे तो जाळं टाकून आहे, हिरवा आणि खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळं ओढतोय, त्याच्या मागून जवळून जाऊच नका. आपल्याकडे सगळेच हे दिवे नियमाने लावत नाहीत, काही बोटींवर रंगीत शोभेचे दिवे असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर भरवसा नको. सगळ्यात खात्रीची खूण अशी, तुम्ही एकाच दिशेला सरळ जाताना समोरचा दिवा बोटीच्या एखाद्या खांबाशी जुळवून ठेवा, तो जागचा हलत नाही आणि मोठा होत चाललाय, तर टक्कर होणार, लगेच वेग कमी करा आणि ठळक वळण घ्या.

जयगडला मोठी जहाजं येतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. नांगरावरचं मोठं जहाज दिवाळीसारखं उजळलेलं असतं, चालतं जहाज जवळजवळ काळंच, वर दोन पांढरे आणि बाजूचा एक रंगीत, बस, आणि मागे किनाऱ्याचे दिवे असले की तेही हरवतात. 15 नॉटचं जहाज एका मिनिटात साडेचारशे मीटरहून जास्त येतं आणि त्याच्या नाळेपुढचा 500 मीटरपर्यंतचा पट्टा ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, दिसतही नसेल. तुमचा 1 मैलाचा हिरवा दिवा त्याला दिसला तेव्हा दोघांच्या वेगाने हातात तीनेक मिनिटं आहेत. जहाजांच्या चॅनेलमध्ये थांबायचंच नाही, ओलांडायचा तर काटकोनात आणि झटपट.

रात्री वेग इतकाच ठेवा की दिसल्यावर थांबता येईल, डोलीचे खुंट (डोल जाळी बांधायला पाण्यात रोवलेले खांब) आणि जाळ्यांचे दोर दिसत नाहीत. लाइफ जॅकेट अंगात, त्याला शिट्टी, रिफ्लेक्टर आणि छोटा दिवा, आणि इंजिनची किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली, कारण रात्री पाण्यात पडलेल्याचं डोकं दहा हातांवरून दिसत नाही आणि बोट पुढे निघून गेली तर शोधणार कोण. एकट्याने जाऊ नका. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो तिथे जोराच्या ओहोटीत लाटा फुटतात, म्हणून परतीची वेळ भरतीची धरा. घरी किती वाजता येणार ते सांगून निघा, कोस्ट गार्डचा 1554 फोनमध्ये ठेवा पण रेंज जाते, तेव्हा लाल हँड फ्लेअर (हातात धरून पेटवायची संकटाची मशाल) आणि जमलं तर व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल 16.

आणखी एक, मासे गोळा करायला मोठे एलईडी सोडायचा विचार असेल तर सोडून द्या, एलईडी लावून मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 पासून बंदी घातलीय, आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं, त्यात लहान मासळीसकट सगळं ओढलं जातं आणि गावातल्या पारंपरिक होड्यांना काही उरत नाही. गरवायला नांगर टाकलात की लाल-हिरवे बंद करा, पांढरा चालू ठेवा, आणि इंजिन सुरू करून नांगर काढलात की तिन्ही परत. वायरिंगमध्ये अडलं तर खाली फोटो टाका, बघून सांगतो.