संख्याशास्त्र : घरी काय, वर्गात काय?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे काही शिकणे ऑनलाइन आणि काही वर्गात, म्हणून गेल्या सत्रात सर्व व्याख्यानांचे व्हिडिओ करून विद्यार्थ्यांना पाठवले. तरीही प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, याचे माप) अचूक काढणाऱ्या मुलांना त्या आकड्याचा अर्थ सांगता येत नाही. माझे कुठे चुकते आहे?
— एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपली मेहनत वाया गेलेली नाही, मात्र व्याख्यान फळ्यावरून मोबाइलवर गेले आणि वर्गातला तास होता तसाच राहिला, असे आपल्या पत्रावरून वाटते. सूत्र, त्याची मांडणी आणि सरावाची उदाहरणे विद्यार्थी एकटा, आपल्या गतीने, चुकतमाकत शिकू शकतो. ती घरी द्यावीत. एकाच समूहातून घेतलेल्या दोन नमुन्यांची सरासरी वेगळी का येते, हे मात्र एकट्याने उमगणे फार कठीण असते आणि ते दाखवायला भरलेल्या वर्गासारखी दुसरी जागा नाही.

एक प्रयोग अवश्य करावा. चाळीस विद्यार्थ्यांनी घरून महाविद्यालयात पोहोचायला लागणारी मिनिटे चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावीत. प्रत्येकाने डबा हलवून पाच वेळा चिठ्ठी काढावी, दर वेळी आकडा टिपून ती परत टाकावी आणि पाच आकड्यांची सरासरी फळ्यावरच्या रेषेवर ठिपक्याने दाखवावी. लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या मुलीची ८५ मिनिटांची चिठ्ठी ज्याच्या हाती दोनदा लागते, त्याचा ठिपका पार उजवीकडे जातो. मग चौघाचौघांचे वीस आकडे एकत्र करून त्यांची सरासरी दुसऱ्या रेषेवर मांडावी. ठिपक्यांचा पसारा साधारण निम्म्यावर येतो, कारण प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे नमुन्यांच्या सरासऱ्या किती विखुरतात हे सांगणाऱ्या मापाच्या, सूत्रात नमुन्याच्या आकाराचे वर्गमूळ छेदात असते. हे सूत्र मुलांनी आदल्या दिवशी व्हिडिओत पाहिलेले असावे. त्याचा अर्थ त्यांना इथे दिसतो.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रास्ताविक संख्याशास्त्र अशा ब्लेंडेड पद्धतीने शिकवले, तेव्हा सुमारे पंधरा आठवड्यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांत होऊनही विद्यार्थी मागे पडले नाहीत, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिथे ऑनलाइन स्वाध्यायात विद्यार्थी कुठे अडतात, हे शिक्षकाला तासापूर्वीच कळत असे. माझ्या मते खरे बळ यातच आहे. आपल्यालाही प्रत्येक व्हिडिओसोबत चार-पाच प्रश्नांचा गूगल फॉर्म जोडून आदल्या रात्री उत्तरे पाहता येतील. व्हिडिओ दहा मिनिटांहून मोठा नसावा, कारण अनेक मुलांना दिवसाच्या डेटा पॅकमध्येच सगळे भागवावे लागते. तो न पाहता आलेल्यांसाठी वर्गात सगळा पाठ पुन्हा शिकवू नये. तसे एकदा केले की पुढच्या वेळी कोणीच पाहून येत नाही.

अंतर्गत मूल्यमापनात प्रमाण विचलन काढून न मागता देऊनच टाकावे. दोन मार्गांच्या एसटीला सरासरी ४० मिनिटेच लागतात, पण एकीचे प्रमाण विचलन ४ मिनिटे आणि दुसरीचे १५ आहे, असे सांगून परीक्षेच्या दिवशी कोणती गाडी पकडाल आणि का, हे चार ओळींत लिहायला लावावे.