जर्मनीच्या लॅबमध्ये पेप्टाइड जोडायला येतेयस, तर आधी बफर बघायला शीक

तू विचारलंस की ताई, गोवा विद्यापीठातून एमएस्सी झाली, मग दोन वर्षं वेर्ण्याच्या फार्मा कंपनीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी), आता जर्मनीत पीएचडी मिळालीय आणि पहिलंच काम पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, केएलएच या मोठ्या प्रोटीनला जोडायचं, त्याच्याविरुद्ध प्राण्यात ॲन्टीबॉडी तयार व्हावी म्हणून, क्रॉसलिंकर (दोन रेणू जोडणारं रसायन) कधी हातात धरलेला नाही, तर निघायच्या आधी काय शिकू आणि थंडीचे कपडे इथूनच घेऊ का. कपड्यांचं पटकन सांगते, एक स्वेटर घे, जॅकेट इकडेच घे. बाकी सगळं केमिस्ट्रीवरच लिहिते, मी डिचोलीची, इकडे नववं वर्ष, आणि हे कोणी वेळेत सांगितलं असतं तर माझे सुरवातीचे दोन महिने वाचले असते.

पहिल्यांदा मला एक ॲन्टीबॉडी एंझाइमला जोडायची होती. ॲन्टीबॉडी शेजारच्या लॅबने प्युरिफाय करून दिलेली, १ मिलिग्रॅम, १ मिलीमध्ये. प्रोटीन ए कॉलमवरनं (ॲन्टीबॉडी पकडून ठेवणारी नळी) ग्लायसिनने काढून ट्रिस या बफरने न्यूट्रल केलेली, सगळे असंच करतात, आणि मी बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, न बदलता तशीच वापरली. आता हिशेब बघ. १ मिलिग्रॅम ॲन्टीबॉडी म्हणजे साधारण ६.७ नॅनोमोल, वीसपट लिंकर घेतला म्हणजे १३३ नॅनोमोल, १० मिलिमोलरच्या सोल्यूशनचे जेमतेम १३ मायक्रोलिटर. आणि ट्रिस ५० मिलिमोलर असेल तर त्याच १ मिलीमध्ये ट्रिसचे ५०,००० नॅनोमोल. लिंकरच्या जोडणाऱ्या टोकाला, म्हणजे एनएचएस एस्टरला, मोकळा अमाइन (नायट्रोजनचा गट) हवा, तो ॲन्टीबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लाचा आहे की ट्रिसचा याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. सगळा लिंकर ट्रिसने खाल्ला. जेलवर ॲन्टीबॉडी होती तशीच, आणि मी तीन आठवडे लिंकर खराब आहे म्हणून नवीन मागवत बसले!

म्हणून निघायच्या आधी एकच सवय लाव, कुठलीही ट्यूब हातात आली की यात मोकळे अमाइन कुठे आहेत, मोकळे थायॉल (गंधकाचे गट) कुठे आहेत हे आधी विचारायचं. ट्रिस, ग्लायसिन, अमोनियम सल्फेट, हे अमाइनवाले. डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल हे थायॉलवाले. एनएचएस वापरायचं तर बफर पीबीएस किंवा हेपीस.

तुझ्या कामाला बहुतेक सल्फो-एसएमसीसी हा लिंकर देतील. त्याच्या एका टोकाला एनएचएस एस्टर, तो पीएच ७.२ ते ८ च्या आसपास केएलएचच्या लायसिनला धरतो, दुसऱ्या टोकाला मॅलिमाइड, तो पेप्टाइडमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा थायॉल धरतो, पीएच ६.५ ते ७.५ मध्ये. ७.५ च्या वर गेलीस की मॅलिमाइड अमाइनलाही धरायला लागतो, मग काय कुठे जोडलं गेलं ते सांगता येत नाही. क्रम चुकवू नकोस, आधी केएलएच आणि लिंकर अर्धा तास, मग डीसॉल्टिंग कॉलमवरनं (छोटे रेणू वेगळे काढणारी नळी) उरलेला लिंकर काढून टाकायचा, मगच पेप्टाइड. मधली पायरी वाचवलीस तर मोकळा लिंकर तुझं महागडं पेप्टाइड गिळतो. कोणी म्हणेल ईडीसी या दुसऱ्या जोडणाऱ्या रसायनाने एका झटक्यात कर, तो कार्बॉक्सिल आणि अमाइन सरळ जोडतो, मध्ये स्वतः राहत नाही, पण पेप्टाइडवर दोन्ही ग्रुप असतात त्यामुळे पेप्टाइडं आपापसातच जोडली जातात. मला विचारशील तर सिस्टीन असलेल्या पेप्टाइडला एसएमसीसीच. रक्तातही हा जोड बऱ्यापैकी टिकतो, २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन या स्तनाच्या कॅन्सरच्या औषधात ॲन्टीबॉडीला औषध याच लिंकरने जोडलंय.

दुसरी गोष्ट दमटपणा, आणि ती तुला कोणी शिकवायला नको. चवथीला डबा उघडा राहिला तर पापड कसा सादळतो, तसा एनएचएस एस्टर सादळतो, पाण्याने तुटतो. बाटली उणे २० वरनं काढली की लगेच उघडायची नाही, अर्धा तास टेबलावर ठेवायची, बाहेरनं पुसायची, हाताला गार लागत नाही तोवर झाकणाला हात नाही. इकडची पोरं हिवाळ्यात हवा कोरडी म्हणून तशीच उघडतात आणि उन्हाळ्यात फसतात. पीएच ७ ला बर्फावर एनएचएसचं अर्धं आयुष्य ४-५ तास असतं, तेच पीएच ८.६ ला ४ अंशावर १० मिनिटं, म्हणजे सोल्यूशन करून चहाला जायचं नाही. साधा एसएमसीसी दिला तर तो डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा, आणि डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतो, गोव्यात आपल्याला हे कधी दिसतच नाही, इथे जानेवारीत सोमवारी सकाळी खिडकीजवळची बाटली अख्खी दगड झालेली असते, घाबरू नकोस, हातात धर, वितळते.

केएलएच म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं प्रोटीन, आपल्या हणजुणेच्या खडकांवर ओहोटीला टोपीसारखे चिकटलेले शंख दिसतात ना, त्यांच्याच नात्यातलं. त्यात तांबं असतं म्हणून सोल्यूशनला निळसर झाक येते, पहिल्यांदा बघशील तेव्हा तुलाही आवडेल. प्रचंड मोठं प्रोटीन आहे, विरघळवलेलं कधी फ्रीझरमध्ये टाकू नकोस, गुठळ्या होतात, आणि मीठ जास्त लागतं, ०.९ मोलरपर्यंत ठेवतात. टेस्टिंगसाठी तेच पेप्टाइड बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रोटीनला वेगळ्या लिंकरने जोडून ठेव, कारण प्राण्यात केएलएचविरुद्ध आणि लिंकरविरुद्धही ॲन्टीबॉडी तयार होतात, तोच लिंकर दोन्हीकडे असला तर एलायझा (ॲन्टीबॉडी मोजायची चाचणी) उगाच छान दिसतो.

पेप्टाइड घालायच्या दिवशीच एलमनचा रिएजंट वापरून थायॉल मोज, पिवळा रंग, ४१२ नॅनोमीटर, पाच मिनिटांचं काम. विरघळवून ठेवलेलं पेप्टाइड हवेने एकमेकांना डायसल्फाइडने चिकटतं आणि मग मॅलिमाइडला धरायला काही उरत नाही.

क्यूसीतली दोन वर्षं वाया गेली असं तू लिहिलंस ते मला अजिबात पटलं नाही. बाटली कधी उघडली, कुठला लॉट, हे लिहायची सवय इथे दोन दोन वर्षं झालेल्यांना नसते, आणि या कामात निम्म्या वेळा उत्तर त्या तारखेतच असतं. भाषेचं म्हणशील तर लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण कचऱ्याच्या डब्यांवरची लेबलं जर्मनमध्ये, तेवढे शब्द आधी पाठ कर, अझाइड (बफर सडू नये म्हणून घालतात ते) ॲसिडच्या डब्यात गेलं तर विषारी वायू निघतो.

आता तुझ्या पेप्टाइडचा सिक्वेन्स पाठव. जोडायचं सिस्टीन टोकाला आहे की मध्येच कुठे आणखी एक लपलंय ते बघून सांगते, ऑर्डर जायच्या आधी बदलता येईल.