छातीत धडधड होते, ईसीजी-टूडी एको नॉर्मल आले, तरी भीती जात नाही. असा अनुभव कुणाला आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय 34 आहे. चार महिन्यांपासून मध्येच ठोका चुकल्यासारखं होतं, मग छातीत धाडकन आपटतं. दोन डॉक्टरांनी "काही नाही, टेन्शन घेऊ नका" सांगितलं, आणि तरी रात्री झोपायचीच भीती वाटते. मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. वेंगुर्ले तालुक्यात आमचा घरगुती काजूचा कारखाना आहे, आज माझं वय 47.

2022 चा मे महिना होता. शेवटची बी वाळवून पोत्यात भरायची घाई, पाऊस कधी येईल सांगता येत नव्हतं. रात्री साडेअकराला डाव्या कुशीवर पडले होते आणि उशीत, कानाखाली, स्वतःचे ठोके ऐकू येत होते. एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही. पुढचा ठोका आला तो आतून कुणी बुक्की मारावी तसा. मी उठून बसले. हात गार पडले, ओठांभोवती मुंग्या आल्या, जीभ जड झाल्यासारखी वाटली. ह्यांना उठवलं. आवाजाने सासूबाई आल्या, "काय होता गो तुका?" म्हणून पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्यांच्या हाताने थोडं शांत वाटलं, हे खरं आहे. पण पहाटेपर्यंत मी पडवीतच बसून होते, आडवं व्हायची हिंमत नव्हती.

भीती एवढी का बसली तेही सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी माझे चुलत दीर गेले, 42 व्या वर्षी. जुलैची रात्र, धो धो पाऊस, लाइट गेलेली, वाटेत झाड आडवं पडलेलं. छातीत दुखतंय म्हणून गाडीत घातलं आणि दवाखाना यायच्या आधीच संपलं सगळं. इथे रात्री काही झालं तर आमच्या वाडीपासून सावंतवाडी पाऊण-एक तास, मोठं इस्पितळ म्हणजे गोव्यात बांबोळी किंवा घाट चढून कोल्हापूर. पावसाळ्यात घाटात दरड आली की तीही वाट बंद. शहरातल्या माणसाला ही भीती कळेल की नाही, माहीत नाही. माझा प्रत्येक चुकलेला ठोका मला त्या गाडीत नेऊन बसवायचा.

पुढच्या दोन महिन्यांत मी चार ईसीजी काढले. चारही नॉर्मल. आणि दर नॉर्मल रिपोर्टनंतर माझी भीती वाढत गेली, कारण मला वाटायचं यांना सापडत नाहीये. तुमचंही हेच चाललंय असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. मला फार उशिरा कळलेली गोष्ट अशी की ईसीजीच्या कागदावर हृदयाची साधारण दहा सेकंदं असतात. दिवसात 86,400 सेकंद. तुमची धडधड त्या दहा सेकंदांत आली नाही तर कागदावर ती दिसणारच नाही. म्हणजे डॉक्टर खोटं बोलत नव्हते आणि मलाही भास होत नव्हता. पण हे एवढं समजावून सांगायला कुणी दोन मिनिटं दिली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. "टेन्शन घेऊ नका" हे ऐकून कुणाचं टेन्शन गेलंय?

मग एका डॉक्टरांनी होल्टर लावायला सांगितलं. तुमचा झालेला नसेल तर आधी त्याबद्दल विचारा. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी आणि गळ्यात काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. ते 24 तासांचा सगळा ईसीजी नोंदवतं. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा बनवलं तेव्हा ते जवळपास 38 किलोचं होतं आणि पाठीवर घेऊन चालावं लागायचं. आपल्या दमट हवेत घामाने पट्ट्या सुटतात, खाज येते, त्यामुळे जमल्यास थंडीच्या दिवसांत लावा, पण त्यासाठी थांबून राहू नका. सोबत वही ठेवा. मी लिहिलं होतं: "10.40, गर निवडताना एक. 2.15, जेवून पडल्यावर लागोपाठ तीन. रात्री 11.50, डाव्या कुशीवर, मोठा." वहीतली वेळ आणि यंत्रातली वेळ जुळवली तेव्हाच डॉक्टरांना कळलं की मला जे जाणवतं ते नेमकं काय आहे. दिवसभर विश्रांती घेत बसू नका, रोजची कामं करा. मी तर मुद्दाम विहिरीच्या पायऱ्या उतरून चढले.

त्या डॉक्टरांनी होल्टरमधल्या ईसीजीची कागदी पट्टी टेबलावर पसरली आणि पेनाने दाखवलं. सारख्या अंतरावर ठोके, आणि मध्येच एक वेगळाच, रुंद, आधीच्याच्या जवळजवळ अंगावर आलेला. त्याच्यापुढे मोकळी जागा. मग पुन्हा नेहमीचा. आपण मराठीत म्हणतो ना, काळजाचा ठोका चुकला? तो चुकत नाही, तो वेळेआधी येतो. हृदय पुरतं भरलेलं नसताना आल्यामुळे तो हलका असतो आणि आपल्याला जाणवतच नाही. त्यानंतर हृदय जरा थांबतं, त्या वेळात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका जोराचा पडतो. माझी बुक्की म्हणजे तो पुढचा, अगदी चांगला, निरोगी ठोका. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि रात्री बाकी सगळं शांत असतं, म्हणून तेव्हाच जास्त कळतो.

माझ्या 24 तासांत एक लाखाच्या वर ठोके होते आणि त्यातले असे आगाऊ ठोके साधारण 1,900, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची रचना आणि पंपाची ताकद चांगली होती. अशा हृदयात हे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात आणि ठणठणीत माणसांच्या होल्टरमध्येही थोडेफार सापडतात. प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाऊन बराच काळ टिकलं तर पंप कमजोर होऊ शकतो, म्हणून तेव्हा डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. मी दिरांचं सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या विहिरीवर पंप आहे ना? दिरांची पाइपलाइन तुंबली. तुमच्या पंपाच्या वायरिंगमध्ये अधूनमधून एक ठिणगी उडते. दोन्ही आजार एक नव्हेत." हे ऐकून मी त्यांच्या समोर रडले.

कारणं शोधली तेव्हा हिमोग्लोबिन 9.2 निघालं. पाळीत जास्त रक्त जायचं आणि मी ते अंगावर काढत होते. थायरॉइड आणि पोटॅशियम बरोबर होतं. तुमच्याही या तीन तपासण्या झाल्यात का ते बघा. दिवसाला आठ-नऊ कप चहा व्हायचा, कारखान्यात किटली सारखी चुलीवर. आणि मी मशेरी लावायचे, लग्नाआधीपासून. हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही लाजेने सांगितलं नव्हतं. मशेरीत तंबाखू आहे, तिच्यातल्या निकोटिनने ठोके वाढतात. तुमचं काही असेल, तंबाखू, सिगरेट, दारू, तर डॉक्टरांना स्वच्छ सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि दम्याच्या काही पंपांनीही धडधड होते, तेव्हा चालू असलेली औषधं दाखवा. लोहाच्या गोळ्या, मशेरी बंद, चहा दोन कप, एवढ्याने माझे ठोके निम्म्याहून कमी झाले असतील.

भीती मात्र गेली नाही.

मला वाटलं होतं निदान झालं की सुटले. पण तोवर मला सवय लागली होती. बोटं आपोआप मनगटावर जायची. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर उशाशी असायचा. एका दिवशी मुलीने मोजलं, मी 63 वेळा नाडी बघितली. गर निवडताना एक हात ताटात आणि दुसरा मानेवर. आणि नाडी बघायला लागलं की मन ठोक्याची वाट बघतं, वाट बघताना घाबरतं, घाबरलं की अॅड्रिनॅलिन सुटतं, त्याने ठोके वाढतात आणि ते आगाऊ ठोकेही जास्त येतात. मुंग्यांचंही तेच. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात. मी तो लकवा समजले होते.

इथे माझं मत ठाम आहे: धडधडीचा इलाज आणि भीतीचा इलाज ही दोन कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं आपोआप होईल म्हणून थांबू नका. मी समुपदेशनाला गेले. वाडीत लोक काय म्हणतील याची धास्ती होती, पण गेले. त्या बाईंनी पहिल्या दिवशी मला जागच्या जागी दोन मिनिटं धावायला लावलं. छाती धडधडायला लागली आणि मी खुर्ची पकडली. त्या म्हणाल्या, "बसू नका, ही धडधड उतरते कशी ते बघा." चार मिनिटांत उतरली. मी कित्येक महिने धावलेच नव्हते, जिनाही बिचकत चढायचे. डॉक्टरांना विचारून हे मी रोज केलं. ऑक्सिमीटर सासूबाईंच्या कपाटात गेला. नाडी बघावीशी वाटली की आधी पाच मिनिटं थांबायचं, मग दहा, मग अर्धा तास. पहिले दोन आठवडे फार कठीण गेले. रात्री ठोका आला की नाकाने श्वास घ्यायचा आणि दुपटीने वेळ घेऊन हळू सोडायचा, मिनिटाला सहाच्या आसपास. मानसोपचारतज्ज्ञांनी आठ महिने एक छोटी गोळीही दिली होती. तुम्हाला दिली तर ईसीजी दाखवून घ्या, कारण मनाच्या काही औषधांचा हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम होतो. जवळ कुणीच नसेल तर 14416 वर टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलता येतं.

रात्रीच्या अंतराच्या भीतीवर उपाय शोधला तो ह्यांनी. एका कागदावर लिहिलं: 108, शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर, कुठल्या दवाखान्यात जायचं, रस्ता बंद असेल तर दुसरा कुठला. फाइल, होल्टरची पट्टी आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला. ती पिशवी दिसली की "काही झालं तर?" या प्रश्नाला निदान उत्तर तरी असायचं.

आता कधी थांबायचं नाही ते नीट वाचा. धडधडीसोबत भोवळ येऊन शुद्ध गेली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच 108. धावताना, कष्टाचं काम करताना धडधड वाढत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. आणखी एक प्रकार असतो: बटण दाबावं तशी धडधड सुरू होते, नाडी दीडशे-दोनशेच्या घरात, आणि तशीच पटकन बंद होते. ती माझ्यासारखी धडधड नव्हे. तिचा ईसीजी ती चालू असतानाच काढायला हवा. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात धावा आणि पट्टी मागून घ्या. कितीतरी जणांना ती 'टेन्शन' म्हणून वर्षानुवर्षं सोसावी लागते, आणि तिच्यावर कॅथेटरने, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीने, कायमचा इलाज होऊ शकतो. ठोक्यांना काही ताळमेळच राहिला नसेल, विशेषतः वय जास्त असेल तर, तेही लवकर दाखवा. धडधड कमी करायची बीटा ब्लॉकर गोळी दुसऱ्याची घेऊ नका, दम्याच्या माणसाला ती त्रास देऊ शकते. आणि सुरू असेल तर मनाने एकदम बंद करू नका.

माझे ठोके अजून येतात. पाळीच्या आधी, जागरण झालं की, गणपतीत पाहुण्यांची धावपळ असते तेव्हा हमखास. गेल्या चतुर्थीला मोदकांची उकड मळताना लागोपाठ चार आले. हात पिठात होते, नाडी बघता आली नसती. श्वास सोडला आणि पाणी मारून उकड मळत राहिले.

तुमचा टूडी एको नॉर्मल आहे, ही मोठी गोष्ट आधीच झालीय. होल्टर करून घ्या, वही ठेवा, आणि डॉक्टरांना म्हणा की मला ती पट्टी पेनाने दाखवून समजवा. त्यात किती ठोके निघाले ते इथे लिहिलंत तर मी वाचेन. रात्री फार भीती वाटली तरी लिहा. या वेळेला मी बहुधा जागीच असते, काजूच्या दिवसांत आमच्याकडे लवकर झोपणं होत नाही.