आधी तो श्वास सोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज दोनदा वाचला. मित्रांनी मालवणला स्कूबा डायव्हिंगचं, म्हणजे पाठीवर हवेचा सिलेंडर लावून पाण्याखाली जाण्याचं, बुकिंग केलंय, तुला धड पोहता येत नाही, आणि म्हणून महिनाभर तू रोज सकाळी श्वास रोखून धरायचा सराव करतोयस. काल १ मिनिट ५० सेकंदांपर्यंत गेलास. तू ते अभिमानाने लिहिलंस, इथे मात्र पोटात गोळा आला. हा सराव आजपासून बंद. स्कूबात श्वास थांबवायचा नसतो. बाकी चुका इन्स्ट्रक्टर निस्तरेल, ही एक त्याच्याही हातात नाही.

तुझी चूक कुठून आली ते कळतं. आपल्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. पाठीला डबा बांधायचा, पुढे डबा सुटला की काठावरून सूर मारायचा आणि तळाचा गाळ मुठीत आणून दाखवायचा. ज्याचा दम मोठा तो मोठा. तिथे ते बरोबरच आहे. वर छातीत भरलेली हवा खाली गेल्यावर दबते आणि वर आल्यावर पुन्हा होती तेवढीच होते, त्याहून जास्त नाही. स्कूबात तू खाली असताना श्वास घेतोस आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरला नळीने जोडलेला, तोंडात धरायचा भाग, तुला त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. समुद्रात १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे ६ लिटर हवा छातीत घेतलीस आणि ती धरून वर आलास, तर तिला १२ लिटरची जागा लागते. एवढी जागा फुप्फुसात नसते. ते फाटतं, हवा रक्तात शिरते आणि बुडबुडा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कान निदान दुखून इशारा देतो, फुप्फुस तेवढंही करत नाही.

‘आम्ही जास्त खोल जाणारच नाही,’ हे तुझं वाक्यही खोडून टाक. दाबाच्या मानाने सर्वांत मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो. छातीभर पाण्यातूनसुद्धा गच्च भरलेल्या छातीने झटकन वर येऊन इजा होऊ शकते. श्वास थांबवू नकोस म्हणजे तलावातही नाही, आणि फोटोपुरताही नाही.

एकच गोष्ट किती वेळा सांगताय, असं म्हणशील. म्हण. तुझ्याआधी ज्या मुलांना हे सांगितलं, त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं, त्याची खंत आहे. मुलं मान डोलावतात आणि नाकात पाणी गेलं की पहिल्या क्षणी छाती भरून गप्प होतात. ते ठरवून करत नाहीत, घाबरलेलं शरीर आपोआप श्वास धरतं. म्हणून समजून उपयोग नाही, सवयच बदलावी लागते, आणि ती घरी बदलता येते.

एक स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी, आण. नाक-डोळे झाकणारा मास्क लावू नकोस. बादली काठोकाठ भर, नळी तोंडात धर आणि नाक-डोळे पाण्यात जातील असा चेहरा आत घाल. जवळ कुणीतरी असू दे. पहिल्या काही सेकंदांत नाकाला पाणी लागलं की घसा आपोआप बंद होईल, तू झटक्याने डोकं वर काढशील. पुन्हा घाल. नाकाने ओढायचं नाही, फक्त तोंडाने. आत घेताना ४ आकडे, सोडताना ६. सोडणं नेहमी लांब. रोज ५ मिनिटं, १५ दिवस. नाक पाण्यात असूनही तोंडाचा श्वास चालू राहिला, की मास्कमध्ये पाणी शिरल्यावर तू गडबडणार नाहीस.

मास्कमध्ये पाणी शिरतंच. मान थोडी वर कर, फ्रेमचा वरचा भाग कपाळावर दाब आणि नाकाने सावकाश श्वास सोड. पाणी खालून निघून जातं. मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकव आणि नाकाने हलकं ओढ. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. कडेखाली केस अडकू देऊ नकोस. मिशी असेल तर नाकाच्या लगत खालची पट्टी बारीक कर, गळती तिथूनच होते. पोहण्याचा साधा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं.

रेग्युलेटर तोंडातून सुटला तर? तेव्हाही श्वास धरायचा नाही. ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, उजवीकडे झुकायचं आणि हात मांडीपासून मागे, मग वर असा फिरवायचा. रेग्युलेटरची नळी हाताला लागते. रेग्युलेटर तोंडात घातल्यावर आधी जोरात फुंकून आतलं पाणी काढायचं. फुंकायला हवाच उरली नसेल तर रेग्युलेटरच्या पुढचं बटण दाबायचं. पहिला श्वास अगदी हळू. हे उथळ पाण्यात करून घेतल्याशिवाय बोटीत चढू नकोस. मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तलाव आहे. दुसरीकडे जाणार असशील तर पैसे भरण्याआधी विचार: आधी उथळ पाण्यात सराव देता का, खाली एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण, बोटीत प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे का. पाठीवरच्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन नसतो बरं का, गाळून दाबलेली साधी हवा असते.

कानाचं थोडक्यात. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, कान ‘टक’ करतो. पहिल्यांदा वरच, मग खाली जाताना दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी. नाही मोकळा झाला तर जोर लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरला कान दाखवायचा, मीटरभर वर जायचं, पुन्हा करायचं. हे फुंकणं फक्त खाली जाताना, वर येताना कधीही नाही. सर्दी असेल तर डायव्ह रद्द. गोळी घेऊन जाऊ नकोस, तिचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना कान अडतो.

खुणा पाठ कर. ठीक आहे म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल. वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. मासे बघून खुशीत अंगठा दाखवलास तर तो तुला वर नेईल आणि डायव्ह तिथेच संपेल.

जळगावहून गाडीने रात्रभर जागून सकाळी थेट पाण्यात उतरायचा बेत मोड. एक रात्र तिथे झोप. आदल्या दिवशी दारू नाही, शेवभाजीचा तिखट रस्साही नाही. बोट हलते आणि मास्क लावून ओकणं वाईट. पाणी भरपूर पी. डायव्ह झाल्यावरही त्याच दुपारी निघू नका. आंबोलीचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर नेतो, रेल्वेने आलात तर पुढे कसारा घाट आहेच. खाली दाबाची हवा घेतल्याने रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून तो आधी बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. विमानासाठी एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या तर १८ तास थांबायचं, असा नियम आहे. घाटालाही तोच लाव.

आता तुझ्या मेसेजमधली शेवटची ओळ. ‘लहानपणी दमा होता, आता काही नाही, फॉर्मवर नाही लिहिलं तर चालेल ना?’ मित्र म्हणाले असतील, काही नाही होत भो. अरे, दम्यात श्वासनलिका आवळली की आतली हवा बाहेर पडू शकत नाही. म्हणजे तू सोडायचं ठरवलंस तरी छातीतला श्वास अडकलेलाच, आणि तू वर येतोयस. इतकं सगळं लिहिलं ते याच एका गोष्टीसाठी, आणि तू तीच लपवणार? छातीच्या डॉक्टरकडे जा, श्वासाची फुंकून होणारी तपासणी कर आणि स्कूबाला जायचंय हे त्यांना स्पष्ट सांग. ते नाही म्हणाले तर बोटीवर बसून किल्ला बघ, पैसे बुडू देत.

तपासणीचा कागद हातात आला की फोटो पाठव. तोवर बादलीचा सराव चालू ठेव.

तुझा,
काका